फुप्फुसातले जंत दिसले, स्नायूंतले दिसत नाहीत

या वेळी एकाच पत्राला उत्तर देतो आहे. पत्र एका वाचक भगिनीचे आहे आणि त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव दिलेले नाही. त्या लिहितात: ‘माझ्या धाकट्या दिरांना, परवानगी घेऊन मारलेल्या एका रानडुकराच्या मांसाचा वाटा मिळाला. फुप्फुस कापताना आत पांढऱ्या दोऱ्यांसारखे जंत दिसले आणि काळजावर पांढरट डाग होते. आम्ही दोन्ही काढून टाकले; फुप्फुस कुत्र्याने खाल्ले. बाकीचे मांस अगदी स्वच्छ दिसत होते. त्यातले काही आम्ही घरी चांगले शिजवून खाल्ले, पण दिरांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी त्याच रात्री निखाऱ्यांवर भाजलेले जाड तुकडे खाल्ले. ते आतून ओलसरच होते. दुसऱ्या दिवसापासून दिरांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले, ते दोन-तीन दिवसांत थांबले. आज अकरावा दिवस आहे आणि ते बरे आहेत. उरलेले मांस फ्रीजरमध्ये आहे, थोडे मीठ लावून धुरावर टांगले आहे. जंत निघालेल्या जनावराचे मांस ठेवावे की टाकावे? आणि घरातल्या सगळ्यांनी जंतांची एकेक गोळी घेतली तर पुरे होईल का?’

आपल्या दिरांनी आणि त्यांच्या दोन्ही मित्रांनी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे, असे मी पत्र हाती पडले त्याच दिवशी आपल्याला कळवले आहे, कारण ती गोष्ट सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. आपण विचारले मांसाबद्दल आणि गोळीबद्दल, आणि मी आधी बोललो दिरांबद्दल, हे आपल्याला खटकले असेल. त्यामागचे कारण आता सविस्तर लिहितो.

फुप्फुसात आपण जे पाहिले ते बहुधा फुप्फुसकृमी होते. मी पशुवैद्यक आहे आणि मृत जनावरांच्या तपासणीत हे कृमी मी पुष्कळदा पाहिले आहेत. फुप्फुसाच्या मागच्या टोकाकडची श्वासनलिका कात्रीने उभी उकलली की फेसाळ चिकट द्रवात गुंतलेल्या, चार-पाच सेंटिमीटर लांबीच्या पांढऱ्या दोऱ्यांची गुंडी बाहेर येते. रानडुकरांमध्ये हे कृमी इतके सर्रास आढळतात की एखाद्या जनावरात ते मुळीच नसणे हेच विशेष म्हणावे लागते. त्यांची अंडी डुकराच्या विष्ठेतून मातीत पडतात, गांडुळे ती गिळतात, गांडुळाच्या शरीरात अळ्या तयार होतात आणि नाकाडाने जमीन उकरणारे डुक्कर गांडुळांसकट त्या अळ्या खाते. माणसाला या कृमींची बाधा झाल्याची उदाहरणे फारच क्वचित आहेत, आणि मांस खाल्ल्याने ती होत नाही, कारण मधला टप्पा गांडुळाचा आहे. म्हणजे ज्या दृश्याने आपल्या घरात घबराट झाली, त्यापासून आपल्या कुटुंबाला जवळजवळ काहीच धोका नव्हता.

काळजावरच्या, म्हणजे यकृतावरच्या, पांढऱ्या डागांचेही तसेच. डुकराच्या आतड्यातल्या मोठ्या गोलकृमीच्या अळ्या यकृतातून प्रवास करतात, तिथे सूज येते आणि ती भरून येताना दुधाचे थेंब सांडल्यासारखे डाग राहतात. या गोलकृमीची बाधा माणसाला होऊ शकते, पण ती मुख्यतः त्याच्या अंड्यांमुळे होते आणि अंडी असतात विष्ठेत व मातीत. रानडुकरांनी उकरलेल्या जागेत भाजीपाला पिकत असेल तर तो वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावा आणि मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण ही अंडी ओलसर मातीत वर्षानुवर्षे टिकतात. डाग असलेले काळीज आपण टाकून दिले ते योग्यच केले.

आता त्या मांसाकडे वळू, जे आपल्याला स्वच्छ दिसले. रानडुकराच्या बाबतीत माणसाने ज्याची सर्वांत जास्त धास्ती घ्यावी तो कृमी आहे ट्रायकिनेला, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्याची अळी जेमतेम एक मिलिमीटर लांब असते आणि तीही स्प्रिंगसारखी वेटोळे घालून स्नायूच्या एकाच तंतूत बसलेली असते. मांस कितीही बारकाईने न्याहाळले, उजेडासमोर धरले, वास घेतला, तरी काही कळत नाही. अशा मांसाचा रंग बदलत नाही, चव बदलत नाही आणि जनावरही बहुतेक वेळा धडधाकट दिसते. रानडुक्कर सर्वभक्षी आहे. उंदीर-घुशी आणि मेलेल्या जनावरांचे सांगाडे तो सोडत नाही, आणि त्यांच्या मांसात असलेल्या अळ्या त्याच्या स्नायूंत येऊन बसतात.

अशा मांसाचा कच्चा राहिलेला घास माणसाच्या पोटात गेला की जठरातला आम्लरस अळीभोवतीचे वेष्टन विरघळवतो आणि मोकळी झालेली अळी लहान आतड्याच्या अस्तरात शिरते. तिथे दोन दिवसांत ती प्रौढ होते. मळमळ, जुलाब, पोटात कळा हे त्या दिवसांचे लक्षण असते, आणि ते साध्या अपचनापेक्षा वेगळे ओळखता येत नाही. पुढे साधारण आठवडाभराने माद्या नव्या अळ्या सोडू लागतात. एकेक मादी तिच्या आयुष्यात शेकड्यांनी, कधी हजारावर अळ्या सोडते. त्या रक्तातून सर्व शरीरभर जातात आणि स्नायूंत शिरतात. यानंतरच खरा आजार दिसू लागतो: ताप, पापण्यांना आणि चेहऱ्याला सूज, डोळे लाल होणे, अंग इतके दुखणे की चावताना जबडा आणि जिना चढताना पोटऱ्या कुरकुरतात. हा टप्पा मांस खाल्ल्यापासून बहुधा दोन ते आठ आठवड्यांच्या आत येतो आणि पोटात गेलेल्या अळ्या जितक्या जास्त, तितका तो लवकर येतो. बहुतेक रुग्ण बरे होतात, परंतु अळ्यांची संख्या मोठी असेल तर हृदयाच्या स्नायूला किंवा मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो.

आपल्या पत्रातले ‘ते बरे आहेत’ हे वाक्य वाचून मी थबकलो ते यामुळेच. जुलाब थांबणे आणि ताप-सूज सुरू होणे यांच्यामध्ये एक शांत काळ असतो, आणि अकरावा दिवस नेमका त्या काळात येतो. आपल्या दिरांना ट्रायकिनेलाची बाधा झालीच आहे असे माझे म्हणणे नाही. त्या रात्रीच्या अर्धवट भाजलेल्या मांसातले साधे जिवाणूसुद्धा पोट बिघडवू शकतात. पण बाधा झालेली असेल तर औषधाचा सर्वांत चांगला उपयोग याच दिवसांत होतो, कारण अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोल ही औषधे आतड्यातल्या कृमींवर चांगली चालतात. एकदा अळ्या स्नायूंत जाऊन स्थिरावल्या की या औषधांचा परिणाम बराच कमी होतो. म्हणून ‘लक्षणे दिसली तर पाहू’ असे म्हणत बसू नये.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य हे असावे: ‘मी अमुक तारखेला रानडुकराचे अर्धवट भाजलेले मांस खाल्ले आहे.’ हे न सांगितल्यास ताप आणि अंगदुखी पाहून फ्लू किंवा टायफॉइडची शंका घेतली जाते, सुजलेल्या पापण्या पाहून ॲलर्जीची, आणि यात डॉक्टरांचा दोष नसतो. १८६० साली ड्रेस्डेन इथे एका तरुण मोलकरणीचा मृत्यू झाला तेव्हाही तिला टायफॉइड झाला असेच समजले गेले होते. फ्रीड्रिख त्सेंकर या विकृतिशास्त्रज्ञाने शवविच्छेदन केले, तिच्या स्नायूंत अळ्यांचे थवे आणि आतड्यात प्रौढ कृमी पाहिले, आणि मग मागे जात शोध घेतला तेव्हा नाताळच्या सुमारास ती ज्या घरी काम करत होती तिथे कापलेल्या डुकराच्या मांसातही त्याच अळ्या सापडल्या. माणसाच्या स्नायूंतल्या या अळ्या त्याआधी पंचवीस वर्षे, १८३५ मध्ये, लंडनमध्ये जेम्स पॅजेट या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या नजरेस पडल्या होत्या आणि रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णनही केले होते. पण त्या निरुपद्रवी मानल्या जात होत्या. त्सेंकरच्या त्या एका तपासणीने मांस, आतडे आणि स्नायू यांची साखळी जुळली. त्यानंतर पाच वर्षांनी जर्मनीतल्याच हेडर्सलेबेन या गावात कच्चे डुकराचे मांस खाऊन तीनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि त्यांतले सुमारे शंभर दगावले. मांसतपासणी सक्तीची करण्याची चळवळ अशा मृत्यूंतून उभी राहिली.

शिकारीचे मांस खाल्ल्याचे सांगायला लोक कचरतात, हा माझा अनुभव आहे. आपल्या बाबतीत तसे काही लपवण्याचे कारण नाही, तरीही दिरांच्या मित्रांना हे जरूर सांगा: डॉक्टर रोगाचा शोध घेत असतात, शिकारीचा नव्हे. ते रक्तातल्या इओसिनोफिल या पेशींचे प्रमाण आणि स्नायूंतून रक्तात उतरणारी विकरे (एन्झाइम्स) तपासतील, आणि या कृमीविरुद्धच्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) चाचणीही सांगतील. ही शेवटची चाचणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पुष्कळदा नकारात्मक येते, म्हणून आज ती नकारात्मक आली तरी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. पहिला कागद पाहून निश्चिंत होऊ नये. आणखी एक गोष्ट. पुढच्या काही महिन्यांत या तिघांपैकी कोणाला रेंगाळणारा खोकला आणि गंजाच्या रंगाचा बेडका सुरू झाला, तर क्षयाची तपासणी होईलच, पण तेव्हाही या मांसाची आठवण डॉक्टरांना द्यावी. रानडुकराच्या स्नायूंत पर्णकृमीच्या, म्हणजे वरच्या फुप्फुसकृमीहून वेगळ्या, फुप्फुसात राहणाऱ्या एका चपट्या कृमीच्या अळ्याही असू शकतात, आणि जपानमध्ये रानडुकराचे कच्चे मांस खाणाऱ्यांना त्यांची बाधा झाल्याचे चांगले ठाऊक आहे.

आता गोळीबद्दल. घरातल्या सगळ्यांनी एकेक गोळी घ्यावी का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. आपण आणि घरातल्या इतरांनी मांस पूर्ण शिजवून खाल्ले, म्हणजे आपल्याला औषधाची गरज नाही. दिरांना बाधा झालेली असेल तर त्यांना एक गोळी पुरणार नाही. या आजारात अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ ते चौदा दिवस द्यावे लागते आणि सूज जास्त असेल तर सोबत स्टेरॉइडही द्यावे लागते. तो निर्णय डॉक्टरांचाच आहे. घरात कोणी गर्भवती असेल तर हे औषध स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. शिवाय ज्याच्या मेंदूत किंवा डोळ्यात डुकराच्या पट्टकृमीच्या, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताच्या, अळ्या असलेल्या पुट्या (पाणी भरलेल्या बारीक पिशव्या) आधीपासून असतील, त्याने असे औषध परस्पर घेतले तर मरणाऱ्या पुटीभोवती सूज येऊन झटके येऊ शकतात किंवा दृष्टी जाऊ शकते.

या पट्टकृमीबद्दल थोडे थांबून लिहिणे आवश्यक आहे, कारण याविषयी चांगल्या शिकलेल्या लोकांच्याही मनात गोंधळ असतो. त्याच्या पुट्या मात्र मांसात डोळ्यांना दिसतात: तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या, पाण्याने भरलेल्या, अर्धपारदर्शक आणि आत एक पांढरा ठिपका असलेल्या. असे मांस अर्धकच्चे खाल्ले तर माणसाच्या आतड्यात कित्येक फूट लांबीचा पट्टकृमी वाढतो. अशा मांसामुळे मेंदूत पुट्या होत नाहीत. मेंदूतल्या पुट्या होतात त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात पट्टकृमी पोटात बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून. म्हणजे ज्याने डुकराचे मांस जन्मात खाल्ले नाही त्यालाही मेंदूत पुट्या होऊ शकतात, जर घरात पट्टकृमी असलेली व्यक्ती शौचानंतर हात नीट न धुता स्वयंपाक करत असेल. आणि डुकराला हा कृमी मुळात माणसाकडूनच मिळतो, उघड्यावर पडलेल्या विष्ठेतून. आपण लिहिलेल्या वर्णनात अशा पुट्यांचा उल्लेख नाही, तरीही अर्धकच्चे मांस खाणाऱ्या तिघांनी अडीच-तीन महिन्यांनी शौचाची तपासणी करून घ्यावी, कारण पट्टकृमीला वाढायला तेवढा काळ लागतो आणि आज केलेल्या तपासणीत तो सापडणार नाही. विष्ठेत चपट्या पांढऱ्या फितीचे तुकडे दिसले तर तपासणीची वाटही पाहू नये.

उरलेल्या मांसाचे काय करावे? धुरावर टांगलेले मांस टाकून द्यावे, असे मी स्पष्टच सांगतो. मीठ, धूर आणि वाळवणे यांनी मांस टिकते, परंतु ट्रायकिनेलाच्या अळ्या मरतीलच याची शाश्वती नसते. कडेचे मांस सुकून कडक होते आणि मधल्या ओलसर भागात त्या तग धरतात. फ्रीजरवरही माझा भरवसा नाही. पाळीव डुकराचे पंधरा सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचे मांस उणे १५ अंश सेल्सिअसला वीस दिवस ठेवले तर त्यातल्या नेहमीच्या जातीच्या अळ्या मरतात, हे खरे आहे, आणि तोच नियम लोक रानडुकराला लावतात. पण रानटी प्राण्यांत ट्रायकिनेलाच्या थंडी सोसणाऱ्या जातीही असतात, आणि घरच्या फ्रीजरचे दार दिवसातून दहा वेळा उघडते. मायक्रोवेव्हमध्ये मांस सगळीकडे सारखे तापत नाही, म्हणून तोही मार्ग नको.

फ्रीजरमधले मांस आपल्याला ठेवायचेच असेल तर त्याची तपासणी करून घेता येते. पुढच्या पायाचा, जिभेचा किंवा श्वासपटलाचा स्नायू यासाठी निवडतात, कारण अळ्या तिथे अधिक जमतात. रानडुकरासाठी किमान पाच ग्रॅम स्नायू लागतो, चरबी व शिरा काढून. प्रयोगशाळेत तो वाटून पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या कोमट पाण्यात अर्धा तास घुसळतात, म्हणजे जठरात जे घडते तेच काचपात्रात घडवतात. स्नायू विरघळतो, अळ्या विरघळत नाहीत. त्या तळाशी बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची वेटोळी दिसतात, ताज्या मांसातल्या असतील तर हळूहळू उलगडणारी. आपल्या जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा शासकीय पशुरोग प्रयोगशाळेत ही सोय आहे का, याची चौकशी करावी. या तपासणीचा दुहेरी उपयोग आहे: मांसाचा निर्णय होईल आणि दिरांच्या डॉक्टरांनाही एक भक्कम धागा मिळेल. म्हणून तपासणीआधी सगळे मांस फेकून देऊ नका. एक तुकडा, शक्यतो पुढच्या पायाचा, राखून ठेवा.

तपासणी होऊ शकली नाही तर उरलेला एकच मार्ग म्हणजे उष्णता. तुकड्याच्या अगदी मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस तापमान यायला हवे, आणि ते स्वयंपाकाच्या तापमापकाची सुई आत खुपसून पाहावे. मांसाच्या रंगावरून अंदाज बांधू नये. निखाऱ्यांवरचा जाड तुकडा बाहेरून करपतो तेव्हाही त्याचा गाभा नुसता कोमट असू शकतो, आणि आपल्या दिरांच्या बाबतीत नेमके तेच घडले असावे. लहान तुकडे करून, झाकण ठेवून, पाण्यात उकळत दीर्घकाळ शिजवणे सर्वांत सुरक्षित. कच्चे मांस कापलेली सुरी आणि पाट गरम पाण्याने व साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कामाला घेऊ नये, आणि कच्च्या खिम्यात मीठ पुरेसे आहे का हे जिभेवर ठेवून पाहण्याची सवय असेल तर ती सोडावी.

कुत्र्याचा प्रश्न आपण विचारला नाही, ओघात उल्लेख केला, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. फुप्फुसकृमी त्याला काही करणार नाहीत. मात्र रानडुकराच्या फुप्फुसात आणि यकृतात हायडॅटिड पुट्याही, म्हणजे कुत्र्याच्या एका बारीक पट्टकृमीच्या अळ्यांच्या पिशव्या, असू शकतात, आणि अशी पुटी कुत्र्याने खाल्ली तर त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे बारीक पट्टकृमी मोठ्या संख्येने वाढतात. साधारण महिना-दीड महिन्याने त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडू लागतात, त्याच्या केसांना चिकटतात, आणि त्याला कुरवाळणाऱ्या मुलांच्या हातातून तोंडात जातात. माणसाच्या यकृतात मग वर्षानुवर्षे वाढणारी पुटी तयार होते, जी कधी कधी शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. आपल्या कुत्र्याला अजून अंडी सोडण्याइतका काळ झालेला नाही, म्हणून याच आठवड्यात पशुवैद्यकांकडून प्राझिक्वांटेल द्यावे. नेहमीच्या जंतांच्या औषधात ते असतेच असे नाही, नाव घेऊन मागावे. यापुढे रानडुकराचे कुठलेही कच्चे अवयव त्याला घालू नयेत. टाकाऊ आतडी आणि मांसही उघड्यावर फेकू नये. खोल खड्ड्यात पुरावे किंवा जाळावे, नाहीतर उंदीर, कोल्हे आणि दुसरी रानडुकरे ते खाऊन हेच चक्र पुढे नेतात. सडणाऱ्या मांसातही ट्रायकिनेलाच्या अळ्या काही काळ जिवंत राहतात.

शेवटी, आपण ‘वाटा’ हा शब्द लिहिला आहे, म्हणजे त्याच जनावराचे मांस आणखी काही घरांत गेले असणार. दिरांकडून त्या घरांची यादी करून घ्या आणि आजच्या आज त्यांना फोन करायला सांगा. मांसात जंत दिसले का, असे विचारू नका. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. ते कोणत्या दिवशी खाल्ले, कसे शिजवले आणि कोणी कोणी खाल्ले, हे विचारा, आणि ज्यांनी अर्धवट भाजलेले किंवा वाळवलेले खाल्ले असेल त्यांना दिरांच्याच डॉक्टरांकडे पाठवा, म्हणजे एका जनावराचे सगळे रुग्ण एकाच नजरेखाली राहतील.